जावईबापूंचं हॉटेल

उकंडराव डोंगरकड्यात चहाचं हॉटेल टाकणार ही बातमी आली तेव्हा आमच्या गावाला आनंद झाला आणि आशाबाईला घाम फुटला. आशाबाई म्हणजे त्यांची बायको, आमच्याच ग्यानबाची लेक. तिनं नवऱ्याला एवढंच म्हटलं, "हॉटेल टाका, पर माझ्या माहेरात नका टाकू." उकंडरावांनी विचारलं, "काहून?" ती म्हणाली, "उगंच." बायको उगंच म्हणाली की शहाण्या माणसानं हातातलं काम खाली ठेवून जरा विचार करावा. पण उकंडराव हिंगोलीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये गोऱ्या मॅनेजरच्या हाताखाली कारकून होते. शहाणपण आपल्याकडे मुबलक आहे अशी त्यांची समजूत होती, आणि ती मोडून काढायला जिनिंगमध्ये कुणाला सवड नव्हती.

त्या साली शिमग्याच्या सुमारास जिनिंगला कुलूप लागलं. मालकांनी मुंबईत बसल्या बसल्या ठरवलं की इथला कापूस आता परवडत नाही, आणि इथं उकंडरावांच्या हातात एक छत्री तेवढी उरली. त्यांचे थोरले बंधू दगडोजीराव हिंगोलीत धान्याची अडत चालवत. (आईची आधीची लेकरं जगली नव्हती म्हणून एकाचं नाव दगडू ठेवलं आणि दुसऱ्याचं उकंडा. दोघंही खणखणीत जगले, तेव्हा नावांना आपण दोष देऊ नये.) दगडोजीराव मोठ्या मनाचे. ते म्हणाले, "उकंडा, माझ्या दुकानात ये. पोती मोज अन् दोन घास खा. तुझ्या बायकोला तरी वेगळी चूल कशाला पाहिजे? आमच्या घरात काम काय कमी आहे?"

त्या घरात आशाबाईनं लग्नानंतरची पहिली काही वर्षं काढली होती. मूल नाही म्हणून जाऊबाई पीठ मळता मळता तिला जे ऐकवत, ते उकंडरावांनी दाराआडून ऐकलेलं होतं. तेव्हा ते काही बोलले नव्हते. धाकटा भाऊ होते, काय बोलणार? पण नोकरी लागल्या लागल्या त्यांनी पहिलं काम केलं ते वेगळी खोली घेऊन वेगळी चूल मांडण्याचं. ती चूल आता विझायची वेळ आली होती. उकंडराव आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाला म्हणाले, "पोळ्यापर्यंत थांबा, दादा. माझा धंदा जमला तर ठीक. न्हाई जमला तर तुमी गाडी घेऊन या, आमी दोघं मुकाट्यानं बसतो गाडीत."

आता डोंगरकडाच काहून? तर हिंगोलीत चहावाले पुष्कळ आणि डोंगरकड्यात एकही नाही. मोठं गाव, आठवडी बाजार, बाजाराला आसपासच्या खेड्यांतून गाड्यांवर गाड्या. शिवाय गाव जिव्हाळ्याचं. आमच्याकडे एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई असतो. उकंडराव वेशीत शिरले की पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहत, कुणी घोंगडी अंथरी, कुणी पाणी आणायला धावे. एवढी माया करणारं गाव चहाला येणार नाही ही शंका शिरायला उकंडरावांच्या टोपीखाली जागाच नव्हती.

मारुतीच्या पाराशेजारी रुक्माबाईची ओसरी होती. रुक्माबाई एकटी म्हातारी, लेकरूबाळ नाही, जीभ मात्र दोन घरांना पुरून उरेल अशी. तिनं ओसरी दिली, मागची खोली राहायला दिली, आणि भाड्याचं नाव काढताच कानावर हात ठेवले. "जावयाकडून भाडं घेऊ? गाव थुंकंल माझ्यावर." उकंडरावांना वाटलं, सुरुवात तर झकास झाली.

परवान्यासाठी ते कळमनुरीच्या तहसिलीत गेले ते नेमके शुक्रवारी. जिनिंगला रविवारची सुट्टी असे, त्यामुळे निजाम सरकारची सुट्टी शुक्रवारी असते हे ते साफ विसरले होते. बंद दाराला नमस्कार करून परत आले आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिथले पेशकार, म्हणजे कारकून, जलालुद्दीन हे अदबीचे गृहस्थ. उकंडरावांनी अर्ज अस्सल उर्दूत लिहून नेला होता. पेशकारांनी अक्षराची तारीफ केली, अर्ज दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"डोंगरकड़ा आपका क्या होता है?"

"सासुरवाडी."

"याने आप वहाँ दामाद हैं. दामाद तो मेहमान होता है, जनाब. मेहमान को दुकान का परवाना सरकार कैसे देगी? गाँव के रहनेवाले हैं, ऐसा पाटील से लिखवा के लाइए."

उकंडराव सोनाजी पाटलांकडे गेले. पाटलांनी त्यांना गादीवर बसवलं, सुपारी दिली आणि लिहून द्यायचं मात्र नाकारलं. "जावईबापू, तुमी म्हनाल ते करतो. पर जावई गावात ऱ्हायला आला असं सरकारला कसं लिहू? मानसं म्हनतील डोंगरकड्यानं जावई ठेवून घेतला. तुमची बी इज्जत जाईल अन् आमची बी." उकंडराव पुन्हा कळमनुरीला. पेशकारांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "अच्छा, फ़िलहाल चलाइए. काग़ज़ बाद में देखेंगे." निजामाच्या राज्यात निम्मी कामं अशीच चालत, आणि बरी चालत.

फारुक कल्हईवाल्यानं पितळी किटलीला आत कल्हई करून दिली. नांदेडहून कपबशा आणल्या, सुताराकडून बाक करून घेतला. चहा कसा करायचा हे ठरवताना उकंडरावांनी कुणाचंच ऐकलं नाही. जिनिंगच्या मॅनेजरसाहेबाला ते रोज चहा पिताना पाहत आले होते. गरम पाण्यात पत्ती क्षणभर बुडवायची, वर दुधाचा थेंब, साखर नावापुरती. रंग कसा, तर गवताच्या गंजीवर पाऊस पडल्यावर खाली जे पाणी येतं तसा. आशाबाई म्हणाली, "अहो, याला उकळी तरी येऊ द्या." ते म्हणाले, "ह्याला सायबी चहा म्हणतात. तुला कळायचं न्हाई."

अक्षयतृतीयेला हॉटेलचा मुहूर्त झाला. सगळं गाव लोटलं. सोनाजी पाटील मानानं बाकावर बसले आणि बाक त्यांना घेऊन खाली बसला. सुतारानं पाय ओल्या लाकडाचे लावले होते. पाटील जमिनीवर फतकल मारून बसलेले, फेटा एका कानावर. दुसरं कुणाचं हॉटेल असतं तर पाटलांनी सुताराचा, बाकाचा आणि मालकाचा एका दमात उद्धार केला असता. पण ते फेटा सारखा करत म्हणाले, "लई थंडगार जागा हाय, जावईबापू. भुईवर बसायची मजाच न्यारी." आणि मग बाकीचं गाव मुद्दाम भुईवर बसलं.

उकंडरावांनी चहा ओतला. घमघमाट सुटला म्हणावं असं काही नव्हतं, पण वाफ आली. लोकांनी वाफेची स्तुती केली. कपांची केली. किटलीचा आकार गणपतीच्या पोटासारखा आहे असं एकानं म्हटलं, ते सगळ्यांना पटलं. आणि मग एकेक जण उठला, "येतो मंग," म्हणाला आणि गेला. चहाला बोट लावलं नाही कुणी. पाटलांना सकाळपासून पित्त झालं होतं, फारुकला दात दुखत होता, आणखी कुणाचा उपास निघाला. उकंडरावांनी मुहूर्ताचा सगळा चहा संध्याकाळपर्यंत स्वतः प्याला आणि रात्रभर टक्क जागे राहिले.

पुढे रोज हेच. माणसं यायची, भुईवर बसायची, गप्पा मारायची, हॉटेल किती छान आहे ते सांगायची आणि उपाशी परत जायची. उलट येताना काहीतरी घेऊन यायची. कुणी दोडके, कुणी ज्वारीचं पायलीभर पीठ, कुणी काशीफळ, कुणी आशाबाईला खण. रुक्माबाई तर दिवसभर चुलीशेजारीच बसलेली असे. औंढ्याच्या जत्रेत तिनं कधीकाळी एकदा चहा प्याला होता, तेव्हापासून तिला त्याचा ध्यास. ती नाक वर करून वास घेई, डोळे मिटी, पण कप पुढे केला की "न्हाई रे बाबा, मला न्हाई चालत," म्हणून तोंड फिरवी. ओसरीत चहा विकला जाईना आणि भाजीचा ढीग वाढत चालला. एका परगावच्या माणसानं येऊन काशीफळाचा भाव विचारला तेव्हा उकंडरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दोष कशात आहे हे कुणी सांगेना. उकंडरावांनी दूध बदललं, आलं घातलं, आलं काढलं. लोक म्हणाले, दोन्ही वेळा उत्तम. चुलीचं तोंड कुठल्या दिशेला असावं यावर पारावर दोन दिवस खल झाला आणि चूल तीन वेळा फिरली. शेवटी ती होती तिथंच आली. शेजारच्या एकानं सुचवलं की बाहेर पाटी लावा. लावली. पाटीखाली सावली पडली म्हणून तिथं शेळ्या येऊन बसू लागल्या, आणि त्यांतल्या एकीनं बाकाचा उरलेला पाय कुरतडून टाकला. बाजाराच्या दिवशी तरी परगावची माणसं येतील, तर ती दाराशी येत, आत डोकावत, बघत की एवढे गावकरी बसलेत आणि एकाच्याही हातात कप नाही. मग एकमेकांना कोपरानं ढोसत. दुपारपर्यंत बाजारभर झालं की किटलीत पाल पडली होती. एका बाईनं तर ती पाल पाहिली होती, चांगली हातभर.

उकंडरावांचा जीव नुसता किटलीसारखा आतून खदखदत होता. सासऱ्यांना विचारावं, तर ग्यानबा रोज सकाळी येऊन भिंतीला टेकून बसत, लेकीकडे बघत, आणि दुपारी उठून जात. तेही कप घेत नसत. सगळ्यांचं एक वेळ सोडा. पण सख्खा सासरा आपल्या चहाला हात लावत नाही हे उकंडरावांच्या काळजात रुतून बसलं होतं. आशाबाईला विचारलं की तिचे डोळे भरून येत आणि ती भांडी घासायला घेई, घासलेलीच.

शेवटी सासूबाईंनीच तोंड उघडलं. नर्मदाबाई जुन्या चालीच्या. जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, काही सांगायचंच असेल तर भिंतीला सांगायचं, दाराला सांगायचं, जावयानं ऐकून घ्यायचं. उकंडराव दूध आणायला गोठ्यात गेले तेव्हा त्या म्हशीची धार काढत होत्या. त्यांनी पदर पुढं ओढला आणि म्हशीला म्हणाल्या, "ऐकतीस का गं? मानसं शहरात ऱ्हायली की त्यायला घरचे रीतरिवाज ठाऊक न्हाई ऱ्हात. लेकीला मूल व्हईस्तोवर लेकीच्या घरचं पानी बी प्यायचं नसतंय. एका घरची लेक ती साऱ्या गावाची लेक. मंग गावानं तिच्या हातचा च्या कसा प्यावा? अन् जावयाला त्वांडावर कोन सांगावं की बाबा तुला मूल न्हाई म्हनून आमी पीत न्हाई? सांग बरं." म्हैस काही बोलली नाही. दुधाचा तांब्या तिथंच ठेवून उकंडराव घरी आले.

आशाबाई चुलीपुढं बसली होती. ते तिच्या शेजारी बसले. कारकुनीत असल्या प्रसंगी काय बोलायचं ते शिकवत नाहीत. शेवटी ते म्हणाले, "तू उगंच म्हणालीस तेव्हा मी विचारायला पाहिजे होतं."

"काय सांगू," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुमचा धंदा बसून राहिला असं तोंडानं सांगू?"

"तुझ्यामुळं कसा? सुतारामुळं बसला," उकंडराव म्हणाले. आशाबाई रडता रडता हसली, आणि त्यांनाही जरा बरं वाटलं. पण पोळा जवळ येत होता, आणि हसण्यानं कप उचलले जात नव्हते.

सकाळी पाराखालीच भाता मांडून बसलेल्या फारुकला त्यांनी सरळ गाठलं. "फारुकभाई, खरं सांगा. दात खरंच दुखत होता?" फारुकनं भाता चालवणं थांबवलं. "नै जी. दात एकदम मजबूत है. आशा हमारे सामने खेली-कूदी बच्ची. गाँव की बेटी के घर का पानी हम बी नै पीते. तुमकू बोले तो बुरा लगता, इसलिए सब चुप हैं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मन तो भोत करता."

हे बोलणं रुक्माबाईनं ओसरीतून ऐकलं. तिला ऐकू येत नाही असं ती सगळ्यांना सांगत असे, त्यामुळे गावातलं सगळं तिला ऐकू येई. ती काठी टेकत बाहेर आली आणि पारावरच्या माणसांना म्हणाली, "ए सोनाजी, तुमी मर्द मानसं दिसभर हितं बसून वास घेता, तुमाला येक साधी गोष्ट सुचंना? मला लेकरू न्हाई. ह्या पोराला म्या लेक मानते. मारुतीम्होरं कुंकू लावते, नारळ फोडते. ह्यो माझा लेक झाला की ही माझी सून. सुनंच्या हातचं पानी प्यायला कोन्त्या शास्तरात मनाई हाय?"

मग सोनाजी पाटलांनी मांडीवर थाप मारली. ते म्हणाले, "गावाची लेक व्हती ती गावाची सून झाली. बराबर हाय." एवढ्या तातडीनं एवढं गंभीर धर्मकार्य डोंगरकड्यात कधी पार पडलं नव्हतं. नारळ फुटला, कुंकू लागलं, रुक्माबाईनं उकंडरावांच्या तोंडात गूळ कोंबला आणि पुढल्याच दमात ओरडली, "आता च्या टाक, मेल्या. जीव गेला माझा वाट बघून." पाटलांनी कळमनुरीला लिहून दिलं की अर्जदार हा रुक्माबाईचा मुलगा असून गावचा रहिवासी आहे. जलालुद्दीन पेशकारांनी ते वाचलं, छताकडे बघितलं आणि परवान्यावर शिक्का मारला.

त्या दिवशी डोंगरकड्यानं पहिल्यांदा जावयाच्या, म्हणजे आता लेकाच्या, हातचा चहा प्याला. सगळ्यांनी बशा एकदमच तोंडाला लावल्या आणि एकदमच खाली ठेवल्या.

"उकंड्या," सोनाजी पाटील म्हणाले, "हे काय हाय?"

इतके दिवस जावईबापू होते ते एका नारळात उकंड्या झाले होते. "सायबी चहा आहे," ते म्हणाले.

"सायबाला नेऊन दे मंग. पाय धुतल्याचं पानी बरं ह्याच्यापरीस. अन् त्यो बाक नीट कर आधी, त्या दिशी माझं माकडहाड मोडता मोडता ऱ्हायलं." मग प्रत्येकाच्या पोटात साठलेलं बाहेर पडलं. कप लहान आहेत, चुलीचा धूर डोळ्यांत जातो, पाटी वाकडी आहे, आणि उकंड्या हिंगोलीच्या गप्पा फार मारतो. रुक्माबाई आईच्या हक्कानं सर्वांत जास्त बोलली. उकंडरावांचा चेहरा उतरला. जावयाला जो मान गाव देतं तो किती गोड असतो हे तो गेल्यावरच कळतं. आता त्यांना पाहून पारावरचं कुणी उठत नव्हतं. उलट "ए उकंड्या, जरा सरक तिकडं," म्हणत होतं.

आशाबाईनं मात्र पदर खोचला आणि किटली हातात घेतली. तिनं दूध, पत्ती, गूळ आणि सुंठ एकत्र घालून अशी खदखदून उकळी आणली की शेळ्यासुद्धा उठून उभ्या राहिल्या. तो चहा पाटलांनी बशीत ओतला, फुर्र करून ओढला आणि रिकामी बशी पुढं केली. मग म्हणाले, "सूनबाई, अजून येक." सासरचा एवढा मान कुठल्याही सुनेला पहिल्या दिवशी मिळाला नसेल. आशाबाईला फक्त एकच अडचण झाली. कालपर्यंत ज्यांच्या खांद्यावर बसून ती बाजार हिंडली होती त्या काका-मामांपुढं आता डोक्यावर पदर घेऊन फिरावं लागे, आणि त्या पदराखाली ती खुदुखुदु हसत असे.

हॉटेल चाललं. रोज भुईवर मावेनात एवढी माणसं, बाजाराच्या दिवशी परगावची गर्दी. पाल पाहिलेली बाईसुद्धा येऊन पिऊन गेली. सगळं गाव प्यालं. प्याले नाहीत ते फक्त ग्यानबा आणि नर्मदाबाई. गावानं नातं बदललं, पण जन्म दिलेल्या बापानं आणि आईनं ते कसं बदलावं? ग्यानबा रोज येत, भिंतीला टेकत. आजूबाजूला फुर्र फुर्र चाललेलं असे. ते लेकीकडं बघत आणि दुपारी उठून जात. उकंडरावांनी एकदा कप पुढं केला, तर त्यांनी हात जोडले.

पोळ्याच्या आदल्या बाजाराला दगडोजीरावांची बैलगाडी हॉटेलापुढं थांबली. ते उतरले तेव्हा ओसरी खच्चून भरलेली होती आणि पाटील ओरडत होते, "ए उकंड्या, बहिरा झालास का? कवाचा मागून ऱ्हायलो." दगडोजीरावांचा चेहरा रागानं लाल झाला. जावयाशी हे बोलणं? मग कुणीतरी त्यांना नवं नातं समजावून सांगितलं, आणि त्यांचा राग दुप्पट झाला.

"म्हणजे आमच्या आईनं जन्म दिला तो कुणाला?" ते म्हणाले. "उकंडा, गावानं तुझी थट्टा मांडली आहे. चहा पाहिजे म्हणून कुणालाही लेक करायचं, उद्या भजी पाहिजेत म्हणून बाप करतील. असं नातं टिकतं का? आशाचा बाप तिथं बसलाय. त्याला विचार, तो का पीत नाही. तो पीत नाही कारण त्याला ठाऊक आहे, हे घर अजून लेकीचंच आहे, आणि लेकीला मूल नाही. बाकीच्यांनी खुशाल प्यावं, पाप त्यांच्या माथी. चला, सामान गाडीत टाका."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. सोनाजी पाटलांनी बशी हळूच खाली ठेवली. त्यांच्या शेजारच्यानं ठेवली. फारुकनं आपला कप मागं सारला. परगावच्या माणसांनी पुन्हा एकमेकांना कोपरानं ढोसलं. आशाबाई किटली घेऊन चुलीशी उभी होती. उकंडराव पुढं झाले. त्यांना थोरल्या भावाला खूप काही सांगायचं होतं, पीठ मळतानाचं, दाराआडचं, सगळं. पण ते नुसतेच बायकोपुढं आडवे उभे राहिले. "दादा, ती येणार न्हाई," ते म्हणाले. "मीबी न्हाई." एवढंच बोलता आलं, आणि एवढ्यानं गाडी परत जाणार नव्हती हे सगळ्यांना कळत होतं.

तेव्हा ग्यानबा भिंतीपासून उठले. म्हातारा माणूस, गुडघ्यांवर हात देऊन सावकाश उठला. ओसरीच्या मधोमध आला आणि पाटलांनी खाली ठेवलेल्या बशीशेजारी मांडी घालून बसला. मग त्यानं हात पुढं केला.

"आशे, च्या दे."

आशाबाई हलेना. तिला पाळण्यात होती तेव्हापासून बापाची रीत ठाऊक होती. देवाला फूल वाहिल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारा माणूस.

"आबा," ती कशीबशी म्हणाली, "अजून न्हाई ना..."

"नातू यायचा तवा येईल," ग्यानबा म्हणाले. "च्या आत्ताच निवून राहिला."

तिनं चहा ओतला तो निम्मा बशीत आणि निम्मा भुईवर. ग्यानबांनी बशी दोन्ही हातांत धरली, डोळे मिटून आधी वास घेतला, जो ते इतके दिवस नुसता घेत आले होते, आणि मग एका दमात बशी रिकामी केली. मिशी पुसली. दगडोजीरावांकडं बघून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पाहुणे, पाप लागलं तर मला लागंल. माझं वय झालंय, म्या निभावून नेतो. तुमी बसा. लांबून आलात, गुळाचा च्या घ्या."

दगडोजीराव उभेच होते. रुक्माबाईनं त्यांच्या धोतराला हात घालून त्यांना खाली बसवलं, आणि त्यांच्या हातात बशी आली तेव्हा ती नाकारायचं त्यांना सुचलं नाही. पाटलांनी आपली बशी उचलली. फारुकनं कप ओढला. फुर्र फुर्र सुरू झालं, आधी चोरून, मग मोकळं. उकंडराव तोंड फिरवून चुलीत लाकडं सारत बसले. धूर फार झालाय असं म्हणत होते, पण चूल तर मघापासून धडधडून पेटलेली होती.

"आशे," ग्यानबा बशी पुढं करत म्हणाले, "अजून येक भर, अन् ती तुझ्या मायला नेऊन दे. कवाची दाराआड उभी हाय ती."